धरणाऱ्याला विचारायचं नसतं

४ ऑक्टोबर

ताई,

माझं अक्षर दिसलं की पाकीट न उघडताच तू फाडशील, म्हणून पत्ता विदूषकाकडून लिहून घेतलाय. त्याचं अक्षर शाळेतल्या बाईंसारखं गोल आहे. एवढी लबाडी केलीच आहे तर चार ओळी वाच. फोन तू उचलत नाहीस, त्याला माझा इलाज नाही.

आधी तुझ्या लेकीचं. ठणठणीत आहे. खाते, भांडते, सगळ्यांच्या खोड्या काढते. इथे सर्कशीत तिला सगळे पिसू म्हणतात. तुला नाव आवडणार नाही, पण पोरगी एका जागी मिनिटभर टिकत नाही, तर दुसरं काय म्हणणार? झुल्यावर ती अगदी तुझ्यासारखी दिसते. फळीवर उभी राहिली की तुझ्यासारखंच खालच्या ओठावर दात रोवते.

ती बॅग घेऊन माझ्या दारात आली तेव्हा मी तिला परत पाठवायला हवं होतं, हे तू फोनवर मला पुरेसं सुनावलं आहेस. तिला काही झालं तर तोंड दाखवू नकोस, हेही म्हणाली होतीस. माझ्या ते पक्कं लक्षात आहे.

मीही बरा आहे. अंग सुटलंय. पिसू सगळ्यांसमोर 'बारक्यामामा' म्हणून हाक मारते तेव्हा नवीन पोरं इकडेतिकडे बघतात, हा बारक्या कोण म्हणून.

एक सहज विचारायचं होतं. बाबांचा खांदा निखळला त्याच्या आधी तो दुखायचा का? मी तेव्हा दारावर तिकिटं फाडत होतो, मला कशाचाच पत्ता नव्हता. तू रोज झुल्यावरून त्यांच्या हातात जात होतीस. शर्ट घालताना ते आधी कुठला हात घालायचे, आठवतं का तुला? कंगवा एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता का?

विशेष काही नाही. इथे एका माणसाचा खांदा धरलाय, त्याला सांगायला विचारतोय.

तुझा,
बारक्या


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

तो माणूस मीच.

उन्हाळ्यात सुरू झालं. तंबूचा दोर ओढताना डाव्या खांद्यात काहीतरी कचकन झालं, मी दोन शिव्या दिल्या आणि विसरलो. मग एक दिवस मागच्या खिशातला रुमाल काढता येईना. मग वरच्या फळीवरचा डबा. आता डाव्या कुशीवर झोपता येत नाही, आणि शर्ट काढायचा म्हणजे सर्कशीतली सगळ्यात अवघड कसरत. परवा विदूषकाने मला बाहीत अडकलेला पाहिला. म्हणाला, "अहो, हा माझा आयटम आहे, चोरू नका." मी हसलो. तो हसला नाही.

लवंगाचं तेल चोळून झालं, शेकून झालं, फडकं घट्ट बांधून झालं. झुल्यावर चढायच्या आधी पोरं अर्धा तास हात फिरवतात, खांदे गरम करतात, पिसू तर रबराची पट्टी दाराच्या कडीला बांधून ओढत बसते. मी इतकी वर्षं त्या वेळात चहा पीत बसलो आणि त्यांची टिंगल केली. माझ्या अंगाला सगळं पाठ आहे म्हणायचो.

धरताना काय होतं ते तुलाच सांगता येईल, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मी गुडघ्यांवर उलटा लटकलेला असतो. पिसू समोरून सुटून येते. उजवी मूठ तिच्या मनगटावर बसते आणि डावी नंतर बसते. नंतर म्हणजे किती, तर डोळा मिटायच्या आत. पण तेवढ्यात काय होऊ शकतं हे तुझ्या पायाला विचारायला नको.

आता तू म्हणशील, मग सांग तिला, तोंड शिवलंय का? ताई, आपल्याकडची रीत तू विसरलीस का? धरणाऱ्याला कुणी 'बरा आहेस ना' असं विचारत नाही. अपशकुन. बाबांना आईसुद्धा विचारायची नाही. ताप असो, दाढ सुजलेली असो, धरणाऱ्याला विचारायचं नाही आणि धरणाऱ्याने सांगायचं नाही. कारण धरणारा 'ये' म्हणेपर्यंत उडणारीने फळी सोडायची नाही, आणि त्याने 'ये' म्हटलं की मग विचार करायचा नाही. फळीवर उभी राहून तिने एकदा जरी विचार केला की याचा हात धड आहे ना, तर ती तिथेच चुकते. हे मला बाबांनी शिकवलं. तुलाही.

आणि तू हातातून सुटलीस त्याच्या आधीही बाबांचा खांदा कितीतरी वेळा निखळला होता, पडद्यामागे जाऊन ते तो स्वतःच परत बसवायचे, हे आपल्याला तू जाळीच्या कडेवर आदळल्यावर कळलं. तुला बाबांच्या हातातून सुटल्याचा राग कधीच नव्हता, हे मला माहीत आहे. त्यांनी सांगितलं नाही याचा होता. त्याच रागाने तू तंबू सोडलास.

म्हणून तर तुला लिहितोय. आणि तुलाच लिहायला सगळ्यात जास्त घाबरतोय.

मालकाने नवीन गावासाठी फलक रंगवून घेतलेत. पहिल्याच खेळात पिसू हवेत दोन कोलांट्या घेऊन माझ्या हातात येणार. फलकावर माझे हात झाडाच्या फांद्यांएवढे दाखवलेत. मी त्या फलकासमोरून जायचं टाळतो.

बारक्या


२९ ऑक्टोबर

ताई,

डॉक्टरकडे जाऊन आलो. कुणालाही न सांगता. चपलांच्या दुकानावर जिना चढून दवाखाना आहे, हाडांची डॉक्टरीण. बुटकी, चष्मेवाली, माझ्या कोपरापर्यंत येईल एवढी. भिंतीवर सांगाड्याचं चित्र. मी त्या चित्राकडे पाठ करून बसलो.

"काम काय करता?" तिने विचारलं.

"गोदामात आहे. माल उतरवून घेतो."

"वजन साधारण किती?"

मी पिसूचं वजन सांगितलं.

"हळूहळू उचलता की एकदम?"

"एकदम येतं."

"येतं म्हणजे? कुणी फेकतं का?"

"हो. लांबून."

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कसलं गोदाम आहे हो हे?"

मी म्हटलं, जुनं आहे.

मग तिने माझा डावा हात बाजूने धरून वर नेला आणि सांगितलं, आता हळूहळू खाली आणा. ताई, हात खाली आला नाही. पडला. माझा हात, माझ्या अंगाला चिकटलेला, आणि मी थांब म्हणतोय तर तो थांबत नाही. तिने दुसऱ्यांदा करून पाहिलं, मी तिला तिसऱ्यांदा करू दिलं नाही.

मशीनमध्ये घालून फोटो काढले. मग तिने टेबलावरची बशी उचलली, तिच्यावर एक लिंबू ठेवलं आणि मला शिकवलं. मांडीचं हाड खोल वाटीत बसलेलं असतं, म्हणून ते सहसा निसटत नाही. खांद्याला वाटी नाही, बशी आहे. म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो घसरतोही. तो घसरू नये म्हणून चार लहान स्नायू चारी बाजूंनी त्याला आवळून धरतात. "लोक दंडाच्या बेटकुळ्या फुगवत बसतात," ती म्हणाली, "आणि धरणारे हे चौघं. त्यांची आठवण कुणाला येत नाही." त्यातला सगळ्यात वरचा स्नायू हाडाला ज्या दोरीने बांधलेला आहे ती दोरी माझी अर्ध्याहून जास्त फाटली आहे. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं घासून. उन्हाळ्यातला तो कचका म्हणजे शेवटचा हिसका.

"डोक्याच्या वर हात नेऊन वजन घ्यायचं नाही. अजिबात."

माझ्या मनात आलं, बाई, मी उलटा लटकतो, माझ्या डोक्याच्या वर म्हणजे जमीन. पण बोललो नाही.

मी विचारलं, हात गळ्यात बांधून ठेवला तर? तर उलट ओरडली. हलवायचा नाही म्हणून बांधून ठेवला की सांधा आखडतो, मग तो कुठेच जात नाही, कंगवासुद्धा डोक्यापर्यंत पोचत नाही. वजन नको, पण हालचाल हवी. ओणवं होऊन हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून हळूहळू वर चालवायची, दुखायला लागलं की थांबायचं. मग रबराची पट्टी. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही. पाठ ताठ ठेवायची, खांदे पुढे पाडून बसायचं नाही.

"आणि अर्धी फाटलेली दोरी पूर्ण फाटायला?" मी विचारलं.

"एक झटका पुरतो," ती म्हणाली. "तो तुमच्या त्या लांबून येणाऱ्या मालाचाही असू शकेल."

मी, जो इतकी वर्षं तंबूच्या छताला लटकत आलो, चपलांच्या दुकानाच्या जिन्यावर कठडा धरून उभा राहिलो.

ताई, एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

बारक्या


१२ नोव्हेंबर

ताई,

तंबूला भिंत नसते, हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. सगळं कापडच. बोटं चालवायला गेलो तर कापड आत जातं. शेवटी स्वयंपाकाच्या राहुटीमागे सामानाचा ट्रक उभा असतो, त्याच्या पत्र्यावर रोज सकाळी बोटं चालवतो. किती वर गेली ते कळावं म्हणून खडूने रेघ मारतो. चार दिवसांत रेघ बोटभर वर सरकली, मी एकटाच खूश झालो. मग परवा दोन बोटं खाली आली.

विदूषकाने पाहिलं. "काय, पालीला चढायला शिकवताय?"

"रंग वाळलाय का बघतोय," मी म्हटलं.

त्या ट्रकचा रंग आपल्या बाबांच्या वेळचा आहे. त्याने काही विचारलं नाही. हाच तर घोळ आहे, इथे मला कुणी काही विचारतच नाही.

दोन कोलांट्यांचा सराव चालू आहे. तुला खोटं लिहायचा कंटाळा आलाय, म्हणून खरं लिहितो. मी अजून चढतो. फडकं आत घट्ट बांधून, वरून कुणाला दिसणार नाही असं. अजून एकदाही सुटली नाही. पण आता पिसूच बिघडायला लागली आहे. सरळ यायची ती हल्ली माझ्या उजवीकडे सरकून येते. वीतभर. सगळं अंग माझ्या उजव्या हातावर टाकते. दोन कोलांट्यांत एवढं सरकणं म्हणजे खेळ नाही. मी परवा तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "डोळे कुठे असतात तुझे? मी मध्ये लटकलोय, ट्रकवर नाही!"

तुझी लेक. एरवी एका शब्दाला चार शब्द. ती खाली बघून म्हणाली, "चुकलं, मामा."

एवढंच. मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कसंसंच झालं, आणि का ते कळेना.

मी ठरवलंय. नवीन गावातला पहिला खेळ होऊ दे. मग मालकाला सांगतो, पिसूला सांगतो, झुला सोडतो. एकच खेळ. दुसरा धरणारा तयार नाही. एक उंच पोरगा शिकतोय, पण दोन कोलांट्या त्याच्या भरवशावर नाही टाकता येणार. मी आत्ता तोंड उघडलं तर पिसूची सगळी मेहनत पाण्यात. आणि सांगितल्यावर ती फळीवर उभी राहून विचार करेल. बाबांनी सांगितलं होतं ते तेच.

हे सगळं लिहून वाचलं तर बाबाच बोलतायत असं वाटलं. पाठवू की फाडू, कळत नाही.

भीती वाटते म्हणून सांगतो, ताई, नुसती भीती वाटते. जेवताना हात वर जातो तेव्हा वाटते. 'ये' म्हणायला तोंड उघडतो तेव्हा तर वाटतेच. ती 'ये' ऐकून हसत सुटते, आणि त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

बारक्या


२६ नोव्हेंबर

ताई,

पिसू सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू वाचशील.

काल पहिला खेळ होता. तंबू खचाखच. मालक नवा कोट घालून आला होता. मी फडकं बांधलं, वर चढलो, गुडघे अडकवले आणि उलटा झालो. उलटं झाल्यावर माणसं नुसते ठिपके दिसतात, ते बरं असतं. समोर फळीवर पिसू. ढोलवाल्याने सुरू केलं.

पिसूने हातांना भुकटी लावली. मग झुल्याची दांडी धरायला उजवा हात वर नेला. आणि मी पाहिलं.

तिने तो नुसता वर नेला नाही. डाव्या हाताने उजवं कोपर खालून अलगद उचललं आणि हात दांडीवर नेऊन ठेवला. चेहरा हसरा, लोकांकडे. एवढं सफाईने केलं की खालच्या कुणाला कळलं नसेल. पण ताई, गेले कित्येक महिने मी माझा डावा हात अगदी असाच उचलतोय. शर्ट घालताना, डबा काढताना, ट्रकच्या पत्र्यावर. ती युक्ती मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

मला एका क्षणात सगळं दिसलं. ती का सरकून येते. ती 'चुकलं' का म्हणाली.

ढोल वाढला. माझा झुला पुढे गेला, आता 'ये' म्हणायची वेळ. मी म्हटलं नाही. मागे आलो, परत पुढे गेलो. पिसू फळीच्या कडेवर, ओठावर दात. ढोलवाल्याला वाटलं आम्ही ताणतोय, त्याने आणखी जोर लावला. लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. मला वाटलं, एकदाच, एकदा म्हणून टाक, आजवर निभावलंय, आजही निभावेल. तोंड उघडलंसुद्धा होतं.

मी ओरडलो, "नाही! खाली उतर!"

असा शब्द वरून कुणी कधी ऐकलेला नव्हता. ढोल मध्येच थांबला. पिसू माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दांडी सोडून दिली, रिकामी दांडी माझ्यासमोर आली आणि परत गेली, आणि ती शिडीवरून उतरली. एकेक पायरी, डाव्या हाताने धरत.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मालकाने पडद्यामागे काय काय ऐकवलं ते लिहीत नाही, तू आपल्या बाबांच्या तोंडून ऐकलेलं आहेस. विदूषक पळत रिंगणात गेला, स्वतःचा शर्ट बाहीत अडकवून घेतला आणि लोळायला लागला. लोक हसले. तो माझीच नक्कल करत होता, हे मला नंतर कळलं.

पिसू ट्रकमागे बसली होती, माझ्या खडूच्या रेघांखाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझा की माझा?"

"दोन्ही."

"तुझा डावा उन्हाळ्यापासून उशिरा मिटतो. मनगटाला कळतं ना, मामा. मग मी उजवीकडे यायला लागले, म्हणजे तुला डाव्यावर भार नको. माझा मागच्या महिन्यापासून दुखतोय. एकट्या उजव्यावर सगळा झटका येतो म्हणून."

"अगं, मग बोलायचं नाही का? तोंड नव्हतं का तुला?"

तिचे डोळे भरले आणि ती तुझ्यासारखी, अगदी तुझ्यासारखी चिडून म्हणाली, "तूच शिकवलंस ना! पहिल्याच दिवशी! धरणाऱ्याला विचारायचं नसतं म्हणून!"

ताई, ती हातातून सुटेल म्हणून मी घाबरत होतो. आणि न सोडताच मी तिचा खांदा मोडत होतो.

बारक्या


३ डिसेंबर

ताई,

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. चपलांच्या दुकानावरचा तो दवाखाना आता दुसऱ्या गावात राहिला, तरी बस पकडून तिथेच गेलो. मला दुसऱ्या कुणासमोर पुन्हा पहिल्यापासून लाजायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पिसूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"हा माल," मी म्हटलं. "लांबून येतो तो."

मग सगळं खरं सांगितलं. बाई आधी हसल्या आणि मग अशा चिडल्या की खालचा चपलांवाला वर डोकावून गेला. त्यांनी पिसूचा हात वर नेला आणि म्हणाल्या, आता हळूहळू खाली आण. मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो, तू पडलीस तेव्हाही नाही, कारण तेव्हा कळायच्या आत सगळं होऊन गेलं होतं.

"उघडा डोळे," बाई म्हणाल्या.

तिचा हात सावकाश खाली येत होता. थरथरत होता, तिचे दात ओठावर होते, पण येत होता. पडला नाही.

दोरी फाटलेली नाही. सुजलीये, ताणलीये. बाई म्हणाल्या, आणखी काही आठवडे असंच चालू राहिलं असतं तर मग त्यांच्या हातात काही नव्हतं. आता झुला बंद, आधी आराम, मग व्यायाम, मग हळूहळू ताकद. घाई केली तर माझ्यासारखं होणार. "मामांकडे बघ आणि त्यांच्या उलट वाग," असा मंत्र दिलाय तिला.

माझ्याबद्दल बाईंनी जे सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. हात रोजच्या कामाला येईल, फाटलेली दोरी कदाचित शिवून घ्यावी लागेल. धरायचं काम संपलं. मी मान हलवली. बाहेर येऊन जिन्यावर बसलो तेव्हा पिसू शेजारी बसली, म्हणाली, "आपल्या दोघांत मिळून दोन धड खांदे आहेत, मामा. तुझा उजवा आणि माझा डावा." आणि आम्ही येड्यासारखे हसलो. मग मी रडलो. तेही लिहितो, लपवायची सवय मोडायची आहे.

मालक अजून बोलत नाही. उंच पोराला मी शिकवायला घेतलंय. पहिल्या दिवशी त्याला सांगितलं की चढायच्या आधी उडणारीने रोज विचारायचं आणि तू रोज खरं सांगायचं. तर म्हातारा ढोलवाला उठून गेला. जाऊ दे.

आता मुद्द्याचं. पिसूला तुझ्याकडे पाठवतोय. ती यायला तयार नव्हती, आई घरात घेणार नाही म्हणते. मी म्हटलं, मला घेणार नाही, तुला घेईल. उजव्या कुशीवर झोपू देऊ नकोस, पाठीशी उशी लाव. जड पिशवी उचलू देऊ नकोस. सकाळी गरम पाण्याने शेक. ओणवं होऊन हात हलवायचा, ते तिला येतं. आणि तिला एक भिंत दे, ताई. बोटं चालवायला. आमच्याकडे भिंत नाही.

तिला काही झालं तर तोंड दाखवू नकोस म्हणाली होतीस. झालंय. नाही दाखवणार.

बारक्या


१९ डिसेंबर

बारक्या,

पत्ता विदूषकाकडून लिहून घेतलास तरी पाकिटाला तंबूच्या कापडाचा वास येतो. पहिल्याच पत्राला ओळखलं होतं. सगळी वाचली. दोन-दोनदा. उत्तर द्यायला बसले की राग यायचा आणि रागाच्या आधी भीती यायची, मग पेन खाली ठेवायचे. तिकडे येऊन तिला ओढत आणावं असं रोज वाटायचं. स्टेशनपर्यंत दोनदा गेले. तंबूच्या दारात उभं राहायचं धैर्य झालं नाही.

पोरगी पोचली. आल्या आल्या भांडली, मग झोपली. तुझ्या सगळ्या सूचना पाळते आहे, एवढ्या तू आयुष्यात स्वतः पाळल्या असत्यास तर. स्वयंपाकघराची भिंत दिली आहे तिला. रोज बोटं चालवते, मी पेन्सिलने खूण करते. काल खूण चहाच्या डब्यापर्यंत गेली.

बाबांचं तू विचारलं होतंस. शर्टात आधी उजवा हात घालायचे. मला दिसत होतं. आपल्याकडे विचारायची रीत नव्हती, म्हणून मीही विचारलं नाही.

तिच्या खुणांच्या शेजारी भिंत मोकळी ठेवली आहे. तुझी उंची माझ्या लक्षात आहे.

खांदा कसा आहे? मी विचारते आहे. पत्रात लिहू नकोस, तू पत्रात खोटं लिहितोस. इथे येऊन माझ्यासमोर हात वर करून दाखव.

ये.

ताई